एकटेपणा तिप्पट केल्याबद्दलचा खुलासा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात आठांपैकी तीनचारच अंगं टेकली असती, पण पत्रात तेवढी सूट असते.) डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर महिनाभर वाचू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तो महिना संपला असं धरून लिहायला बसलेय. संपला नसेल तर इथेच थांबा आणि पत्र उशाखाली ठेवा. गुडघा काय म्हणतोय? वरच्या मजल्यावरच्या त्या माणसाने ड्रम विकला का, की अजून शिकतोच आहे? इकडे मी ठीक. ठीक म्हणजे तुम्हाला माहीत आहे तशी. तुम्ही मला भिंगरी म्हणायला लागलात तेव्हा मी पाच वर्षांची होते, आता पंचावन्नाची आहे आणि सुधारणा शून्य. एवढ्या चार ओळी लिहिताना तीनदा उठले: एकदा इस्त्री बंद केली का बघायला, एकदा ती खरोखरच बंद आहे ना हे बघायला, आणि एकदा उगीच.

कामाचं आधी सांगते, नाहीतर राहून जाईल. तुम्ही तीस वर्षं कचेरीत बसून लोकांचे खुलासे वाचलेत आणि साहेबांचे खुलासे लिहिलेत. मला एक पानभर खुलासा हवा आहे. विषय: आमच्या मंडळामुळे तेवीस म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा तिप्पट झाला, त्याचं कारण काय. हसू नका! मुदत येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारची. खुलासा पटला नाही तर निधीचा दुसरा हप्ता बंद, हप्ता बंद म्हणजे मंडळ बंद, आणि मंडळ बंद म्हणजे त्या तेवीस जणांच्या दारावर आठवड्यातून एकदा वाजणारी बेल बंद. (काहींच्या दारावर ती तेवढी एकदाच वाजते, मामा.) हे सगळं फोनवर सांगणं मला जमणार नाही, म्हणून मुळापासून लिहिते.

आई गेल्यावर, म्हणजे तुमची ताई गेल्यावर, दुकान बंद केलं की संध्याकाळचे सहा ते आठ हे दोन तास मला घरात काढता येईनात. आईचं औषध, आईचं जेवण, आईशी भांडण असे ते गच्च भरलेले असायचे, ते एकदम मोकळे झाले. मग मी पडदे धुतले. धुतलेले पडदे परत धुतले. कपाटं इकडची तिकडे केली, ती तिकडे बरी दिसेनात म्हणून इकडे आणली. शेवटी पँटची उंची कमी करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने मला ‘सोबत’ नावाच्या मंडळाचा पत्ता दिला. गिऱ्हाईक म्हणजेच मंडळाचे अध्यक्ष. रेल्वेत एकतीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस. मंडळाचं काम विचारलं तर म्हणाले, जायचं, तासभर बसायचं, उठायचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जाऊन नुसतं बसायचं, बस्स. सल्ला द्यायचा नाही, आवराआवर करायची नाही, घड्याळ बघायचं नाही. जन्मात कधी एका जागी न बसलेल्या बाईने बसण्याच्या मंडळात नाव घातलं, हे ऐकून आईने कपाळावर हात मारला असता.

पुढे निधी आला (त्याचं खाली सांगते), तेवीस नव्या माणसांची यादी झाली, त्यातले मला मिळाले घड्याळवाले आजोबा. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. दुकान मोडलं तेव्हा न विकली गेलेली एकोणीस घड्याळं त्यांनी घरी आणून चारी भिंतींवर लावलीत, आणि मला नियम काय, तर घड्याळ बघायचं नाही! पहिले दोन मंगळवार मी मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसले. तिसऱ्या मंगळवारी मी त्यांच्या शर्टाची दोन बटणं लावली, उशीचा उसवलेला अभ्रा शिवला आणि खिडकीची कडी तेल घालून मोकळी केली, तर अध्यक्षांकडे तक्रार. तक्रार अशी की बाई चांगल्या आहेत, पण त्या आल्या की मला घर आवरायला माणूस आल्यासारखं वाटतं, पाहुणा आल्यासारखं वाटत नाही. अध्यक्षांनी मला तंबी दिली. मग तडजोड निघाली की हातात शिवण चालेल, पण पाय हलता कामा नयेत. अशी मी बसायला शिकले. (आत्ता उठले होते. दार वाजल्यासारखं वाटलं. नव्हतं वाजलं.)

आता निधीचं. मंडळ आधी डबा फिरवून चालायचं. आम्ही अकरा जण, प्रत्येकाने महिन्याला डब्यात काहीतरी टाकायचं, त्यातून बसचे पास आणि बैठकीच्या खोलीचं भाडं. मग बसचं तिकीट वाढलं, खोलीचं भाडं वाढलं, डबा तेवढाच राहिला. तेव्हा कुणीतरी सांगितलं की छोट्या स्थानिक संस्थांना मदत देणारा एक निधी आहे, अर्ज करा. अर्ज चौदा पानी. (माझ्या लग्नाचा विषय निघाला होता तेव्हा त्या मुलाकडच्यांनीसुद्धा इतकं विचारलं नव्हतं.) पान तीन: आपल्या उपक्रमात नावीन्य काय? अध्यक्ष म्हणाले, लिहा, काही नाही, माणसं पूर्वीपासून बसत आली आहेत. खजिनदारांनी पेन काढून घेतलं. खजिनदार म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे कशातूनही कसलाही अर्थ काढू शकतात. त्यांनी लिहिलं, ‘उपस्थितीवर आधारित भावनिक सहयोगाची घरपोच सेवा.’ मी विचारलं हे काय, तर म्हणाले, बसणं. पान नऊवर पाच वर्षांनंतर मंडळ कुठे असेल असं विचारलं होतं. आमच्यातले चौघं सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते पान आम्ही शेवटासाठी ठेवलं.

पण अर्ज मंजूर झाला! बँकेत पहिला हप्ता आला त्या दिवशी अध्यक्षांनी खोलीत येऊन दोनदा शिट्टी वाजवली. मुख्य अट एकच होती, की एकटेपणा मोजायचा. सुरुवातीला एकदा आणि आठ महिन्यांनी एकदा. त्यासाठी निधीच्या बाई छापील प्रश्नावली घेऊन आल्या. तिशीच्या असतील, नीटनेटक्या, लॅपटॉप बाळासारखा छातीशी धरलेला. (वाईट मुळीच नाहीत हं, आधीच सांगते. दमलेल्या आहेत. त्यांच्याकडे आमच्यासारखी चाळीस मंडळं आहेत आणि डोक्यावर साहेब.) ‘मला एकटं वाटतं’, ‘माझं बोलणं ऐकायला कुणी नाही’ अशी वाक्यं, आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी. ज्याने त्याने आपापल्या माणसाकडे जाऊन भरून आणायची.

पहिली फेरी म्हणजे माझा आजोबांकडचा पहिलाच मंगळवार. मी वाक्य वाचलं, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांच्या खिशात हात घातलाय. म्हणाले, ह्यात शून्य नाही का? नाही म्हटल्यावर नाइलाजाने एकावर आले. सगळीकडे हीच तऱ्हा. बेकरीवाल्या आजींकडे मी बदलीवर गेले, तर टेबलावर चार उष्टे कप मांडून ठेवलेले, म्हणजे आत्ताच चार माणसं उठून गेली असं मला वाटावं. (चारही कपांतला चहा एकाच उंचीपर्यंत प्यायलेला होता.) एकटं वाटायला वेळ कुठे असतो मला, म्हणाल्या. एक. तेवीस जणांची सरासरी आली सव्वा. बाई खूश नव्हत्या. म्हणाल्या, इतकी समाधानी माणसं असतील तर तुम्ही जाता कशाला?

आणि आता आठ महिन्यांनंतरची दुसरी फेरी, जिच्यामुळे हे सगळं रामायण. आजोबांना मी तेच वाक्य वाचून दाखवलं. ते उठले, एका घड्याळाला किल्ली दिली (सकाळीच दिलेली असते, मला माहीत आहे), परत येऊन बसले. मी म्हटलं, लिहू का एक? मग म्हणाले, ‘पाच लिही. पाचाच्या पुढे नाहीत का?’ मामा, माझ्या हातातली सुई बोटात गेली तरी मला कळलं नाही. मग ते बोलले, पाऊण तास बोलले. बायको गेल्यापासून पहिल्यांदा कुणाजवळ बोलतोय म्हणाले. त्या दिवशी मी माझ्या मनाने बसले, पाय हलवावासा वाटलासुद्धा नाही. बेकरीवाल्या आजींनीही (त्यांची बदली पुढे माझ्याकडेच राहिली) पाच सांगितले, ते अगदी खडसावून. मी म्हटलं, आजी, मागच्या खेपेला तर एक म्हणाला होतात. तर म्हणतात, ‘तेव्हा तू कोण कुठची! दारात आलेल्या परक्या बाईसमोर का रडायचं असतं?’

सरासरी चारच्या वर. बाईंनी आलेख काढून दाखवला. रेघ जी खालून निघाली ती थेट छताकडे. त्या हळूच म्हणाल्या की कागदावर बघायचं तर आपल्या मंडळाने आठ महिन्यांत एकटेपणा तिप्पट केला आहे, आणि याला पैसे द्या असं मी साहेबांना कोणत्या तोंडाने सांगू? आम्ही अकरा जण एकदम बोलायला लागलो. अध्यक्ष लालबुंद झाले. एकतीस वर्षांत गाडीखाली कोंबडी आली नाही, आणि म्हातारपणी हे! मी बाईंना आजोबांचं, आजींचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं. मग लॅपटॉपमध्ये वरखाली बघितलं आणि म्हणाल्या, पटतंय मला, पण ह्याला रकाना नाही. लेखी खुलासा द्या.

बाई गेल्या आणि औषधवाल्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की दोन गठ्ठे आहेत, आतल्या कागदांवर ना तारीख ना फेरी, ते फक्त वरच्या कव्हरावर लिहिलंय, आणि मूळ गठ्ठे अजून आपल्याकडेच आहेत. कव्हरं बदला. बाईंना सांगा घाईत उलटी लागली होती. पहिल्या फेरीत चार, दुसऱ्या फेरीत सव्वा! एकटेपणा भुईसपाट! नुसता हप्ता नाही, आपला फोटो छापतील. खोलीतला प्रत्येकजण मनात तो फोटो बघायला लागला. मग अध्यक्षांना अटींच्या कागदातलं कलम बारा आठवलं. (ते सगळं वाचतात, सिग्नलची सवय.) ज्याचा एकटेपणा एकवर आला त्याच्यापुरतं उद्दिष्ट पूर्ण झालं असं समजून त्याचं नाव यादीतून काढायचं आणि त्या जागी नवीन माणूस घ्यायचा. म्हणजे खरं सांगितलं तर पैसे बंद, म्हणून भेटी बंद. आणि खोटं सांगितलं तर पैसे चालू, पण ह्या तेवीस जणांच्या भेटी बंदच. काय म्हणावं ह्याला? मतं घेतली, पाच विरुद्ध पाच. अकरावी मी. मी म्हटलं मला विचार करायला वेळ द्या, तर दोन्ही गठ्ठे माझ्याच ताब्यात दिले, दुकानाला कुलूप असतं म्हणून.

मला विचार करायला वेळ देणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी कव्हरं उसवली. (स्टेपलर मोडल्यामुळे दोन्ही खेपेला मीच ती मशीनवर शिवून दिली होती.) बदलून शिवली. चहा केला. आजोबांची आठवण झाली, परत उसवली. सरळ शिवली. मग बसच्या पासांची आठवण झाली, परत उसवली. असं पाच वेळा, मामा! कडेला इतकी भोकं पडली की टाका धरेना, कव्हर टपालाच्या तिकिटासारखं अलगद फाटून हातात यायला लागलं. शेवटी दोन्ही गठ्ठे दोन वेगळ्या पिशव्यांत घातले, त्या पिशव्या दोन वेगळ्या खुंट्यांना लावल्या आणि एका बाईच्या कोटाची चेन बसवायला घेतली. ती उलटी बसली.

काल मंगळवार. आजोबांकडे गेले तर मला दहा मिनिटंही बसवेना. दोनदा खिडकीशी गेले, एकदा पाणी प्यायले, ते पुरतं लक्षात आलं त्यांच्या. विचारलं काय झालंय. नियम मोडून मी सगळं सांगितलं. (घरची रडगाणी सांगायची नाहीत असाही नियम आहे, पण ही मंडळाची होती.) त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढंच ना, लिही माझ्यापुढे एक, तुम्हाला पैसे मिळणार असतील तर माझी काही हरकत नाही. मग दारापर्यंत सोडायला आले आणि विचारलं, ‘पण मग तू मंगळवारी येणार ना?’ कलम बारा मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी चपला घालत होते, त्या घालतच राहिले. दोन बसचा रस्ता मी अर्धा चालत आले.

तेव्हा मामा, माझं मत ठरलंय. कव्हरं सरळच राहतील. पण त्याबरोबर जो खुलासा जाईल तो असा पाहिजे की साहेबाला नाही म्हणता येऊ नये, आणि ती भाषा मला येत नाही, तुम्हाला येते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ने सुरू होऊन ‘सबब’वर संपणारं ते तुमचं एक पान. तेवढं लिहून उलट टपाली पाठवा. गुडघा सांभाळा, डोळ्यांत थेंब घाला, ड्रमवाल्याशी भांडू नका, आणि ह्या पत्राला हसायचं असेल तर हसून घ्या, पण खुलासा गंभीर येऊ द्या.

तुमची,
भिंगरी

ता. क. पत्र टपालात टाकायला निघाले. वाटेत निधीचं कार्यालय लागतं. पिशव्या हातात होत्याच (का घेतल्या होत्या विचारू नका), आत शिरले. बारा दिवस थांबणं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतंच. दोन्ही गठ्ठे सरळ कव्हरांसकट बाईंच्या टेबलावर ठेवले. खुलासा कुठे आहे म्हणाल्या, म्हणून तिथेच त्यांचं पेन घेऊन कव्हरावर लिहिलं: ‘पहिल्या फेरीत आम्ही परके होतो, दुसऱ्या फेरीत नव्हतो.’ बाईंनी ते दोनदा वाचलं, भोकांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, तळाशी ‘इतर’ म्हणून एक रकाना आहे, कुणी कधी भरत नाही, त्यात घालते. आत जाऊन अर्ध्या तासाने बाहेर आल्या. बसचे पास आणखी सहा महिने मंजूर, खोलीचं भाडं नामंजूर, कलम बारा तूर्त आमच्यापुरतं बाजूला. आता बैठक दर शुक्रवारी माझ्या दुकानात. अध्यक्षांना कळवलं तर त्यांनी फक्त किती वाजता एवढंच विचारलं. औषधवाले फोटोचं विसरायला तयार नाहीत.

ता. क. २. म्हणजे तुमच्या खुलाशाची आता गरज नाही. वर जे काम म्हणून सांगितलं ते झालं. हे पत्र खरं तर फाडून टाकायला हवं, पण इतकं लिहिलंय तर पाठवते.

ता. क. ३. निघताना बाईंनी मला एक कोरी प्रश्नावली दिली. पुढच्या फेरीत जाऊन बसणाऱ्यांनीही ती भरायची आहे म्हणे. बसमध्येच भरायला घेतली, दोन स्टॉपांत नऊ प्रश्न संपले: एक, एक, एक, एक. मग वाचून बघितलं आणि लाज वाटली. आठ महिने दुसऱ्यांच्या एकाचा अर्थ लावत फिरतेय आणि स्वतः हे! सगळे खोडले, खरे आकडे घातले. ते तुम्हाला सांगत नाही. दहाव्या प्रश्नाला आकडा नाही. काहीही काम नसताना ज्यांना फोन करता येईल अशा एका व्यक्तीचं नाव लिहा, असा आहे. तिथे पेन थांबलं. आई गेल्यापासून आपण दोघं फोनवर सात वेळा बोललो. एकदा दाखल्यासाठी, दोनदा घरपट्टीसाठी, एकदा तिच्या खात्यासाठी, तीनदा तुमच्या डोळ्यासाठी. सातही वेळा काम होतं. आणि हे पत्र मी लिहावं म्हणून अख्खं मंडळ बुडायला यावं लागलं. त्या रकान्यात तुमचं नाव लिहू का? हो म्हणत असाल तर एवढंच करा, मी फोन केला की उचलल्या उचलल्या ‘बोल, काय काम काढलंस?’ म्हणून विचारू नका. काम काही नसणार आहे.